नाण्याला नाणे भेटते तेव्हा : ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९०० साली पश्चिम फ्रान्समध्ये, नांत शहराजवळ, तिसऱ्या शतकातल्या रोमन नाण्यांचा एक साठा सापडला. त्यातल्या एका नाण्यावर किरणांचा मुकुट घातलेला दाढीवाला चेहरा होता आणि भोवती ‘सम्राट डोमिशियानस’ असा लेख होता. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन हा नव्हे. या नावाच्या एका बंडखोराचा ओझरता उल्लेख जुन्या ग्रंथांत येतो, पण त्याने सम्राटपद घेऊन स्वतःची नाणी पाडली असे कुणीच लिहून ठेवले नव्हते. जगात एकुलते एक नाणे, आणि तेही माहीत नसलेल्या सम्राटाचे. अभ्यासकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कुणी ते बनावट म्हटले, कुणी जुन्या नाण्यावरची अक्षरे कोरून बदलली असावीत असे म्हटले. नाणे नांतच्या संग्रहालयात पडून राहिले.

२००३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरात, चॅलग्रोव्ह गावी, जमिनीत एक मडके मिळाले. आत सुमारे पाच हजार रोमन नाणी गंजून एकमेकांना चिकटून बसली होती. ब्रिटिश म्युझियममध्ये ती एकेक करून सुटी करताना पुन्हा तोच चेहरा आणि तेच नाव समोर आले. दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा ती एकाच ठशांच्या जोडीतून पाडलेली निघाली. फ्रान्समधल्या नाण्याचा ठसा कुणा ठकाने कोरला असता, तर त्याच ठशाचे दुसरे नाणे इंग्लंडच्या शेतात, सतराशे वर्षे न उघडलेल्या मडक्यात सापडले नसते. गॉल प्रांतात २७१ च्या सुमारास अगदी थोडा काळ टिकलेला एक सम्राट अशा रीतीने इतिहासात परत आला.

या विषयात नव्याने येणाऱ्याला मी ही हकिकत सर्वांत आधी सांगतो, कारण माझी या विषयावरची सगळी श्रद्धा तिच्यात आहे. सुटे नाणे फार थोडे सांगते. त्याच्या शेजारी दुसरे, तिसरे, शंभरावे नाणे आले की माहिती उमटू लागते. म्हणून नाणी जमवणे आणि ती इतरांसमोर ठेवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि दुसरे अंग सोडले तर पहिल्याला अभ्यास म्हणता येत नाही.

हे असे का, ते नाणे घडवण्याच्या रीतीतून कळते. प्राचीन टांकसाळीत दोन ठसे असत. एक ऐरणीत पक्का बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. तापवलेली धातूची चकती मध्ये ठेवायची आणि वरून हातोडा घालायचा. ठसे हाताने कोरलेले असल्याने कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसत. नाकाचा बाक, एखाद्या अक्षराची तिरपी रेघ, घुबडाच्या पंखावरचे ठिपके यांवरून ठसा ओळखता येतो. हातोड्याचा घाव थेट वरच्या ठशावर बसे, त्यामुळे तो लवकर फुटे. ऐरणीतला जास्त टिके. फुटलेल्या ठशाच्या जागी नवा आला की जुन्या जोडीदाराशी त्याची नवी जोडी होई. जोडीला जोडी लावत गेले की साखळी तयार होते. ऐरणीवरच्या ठशाला गेलेला तडा नाण्यांवर हळूहळू रुंदावत जाताना दिसला, तर कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हेही सांगता येते. टांकसाळीची कागदपत्रे नष्ट झाली तरी तिच्या कामाचा क्रम असा पुन्हा मांडता येतो. पण त्यासाठी पॅरिस, बर्लिन, न्यू यॉर्क आणि कुणा अनोळखी संग्राहकाच्या कपाटातली नाणी एका टेबलावर यावी लागतात. प्रत्यक्ष नाही तर निदान चित्ररूपाने.

ग्रीक नाण्यांकडे वळणारा माणूस बहुधा अथेन्सच्या घुबडापासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन अक्षरे. वजन सुमारे १७.२ ग्रॅम. चांदी आली लॉरिऑनच्या खाणींतून. याच खाणींतल्या नव्या चांदीच्या जोरावर थेमिस्टोक्लिसने अथेन्सकरांना जहाजे बांधायला लावली आणि इ. स. पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. पुढे अथेन्सचे वैभव वाढले तशी ही घुबडे भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर पोहोचली. व्यापाऱ्यांचा विश्वास या जुन्या रूपावर बसला होता, म्हणून शिल्पकला कितीतरी पुढे गेली तरी अथेन्सने देवीचा डोळा बराच काळ जुन्याच पद्धतीने, समोरून पाहिल्यासारखा कोरला. याउलट सिसिलीतल्या सिराक्यूजने ठसे कोरणाऱ्यांना मोकळीक दिली. किमोन आणि युऐनेटॉस यांनी तिथल्या दहा द्राख्मांच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांवर आपली नावे कोरली. नाण्याच्या आकाराची शिल्पकला याहून वर गेलेली मला माहीत नाही.

रोमन नाण्यांची गोडी वेगळी आहे. ती वाचायची असतात. सम्राटाच्या डोक्याभोवती त्याच्या पदव्यांची संक्षिप्त अक्षरे गोल फिरतात. त्यांतला ट्रिब्यूनचा, म्हणजे लोकप्रतिनिधीचा, अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई, म्हणून ज्या नाण्यावर त्याचा आकडा आहे ते नेमक्या वर्षापर्यंत नेता येते. मागच्या बाजूला जिंकलेला प्रांत, बांधलेले बंदर, धान्याचे वाटप, सैन्याशी असलेली एकी. डोमिशियानसच्या नाण्यामागेही सैन्याची एकी आहे. ज्या राजाला सैन्याची खात्री नसे तोच ती मोठ्याने सांगे, असे तिसऱ्या शतकातली नाणी पाहताना वारंवार वाटते. त्याच शतकात चांदीचे नाणे खालावत जाऊन अखेर तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा उरला. नाण्यांचे वजन आणि कस यांच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या की साम्राज्याची ओढाताण त्यांत दिसते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा ही आपली गावे येतात. भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्याने बदलून मिळतात आणि मिनँडर व अपोलोडोटस या ग्रीक राजांचे जुने द्राख्मा तिथे अजून चालतात, असे तो खलाशी लेखक नोंदवतो. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्याच नाण्यांची गर्दी असते. ६४ साली नीरोने नाण्याचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना जुने, जड नाणे पसंत होते, असे त्यावरून अनुमान केले जाते.

याहूनही जवळचा दुवा नाशिकचा आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाण्यावर राजाचा मुखवटा ग्रीक धाटणीचा, भोवती ग्रीक अक्षरांत प्राकृत भाषेतली पदवी, आणि मागे तीच पदवी ब्राह्मी व खरोष्ठी लिप्यांत. यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. चैत्याच्या तीन कमानींखालून नहपानाचे नाक-डोळे अजून दिसतात. नाशिकच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपल्या मुलाने नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे कोरून ठेवले आहे. जोगळटेंभीच्या साठ्याने तो विजय धातूत दाखवला. रेव्हरंड स्कॉट यांनी या साठ्याचा वृत्तांत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. नाणी पुढे ठिकठिकाणी विखुरली तरी तो वृत्तांत हाताशी असल्यामुळेच आज आपण साठ्याबद्दल बोलू शकतो.

नाणी दाखवण्याची ही परंपरा जुनी आहे. १३५४ मध्ये कवी पेट्रार्कने मांतुआ येथे सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची नाणी भेट दिली, ती त्यांचे चेहरे पाहून त्यांच्यासारखे वागावे या अपेक्षेने. व्हिएन्नाच्या योझेफ एकेलने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंड लिहून ग्रीक नाण्यांना भूगोलाचा क्रम लावला: स्पेनपासून निघायचे, भूमध्य समुद्राला वळसा घालत ग्रीस, आशिया मायनर, सीरिया, इजिप्त करत आफ्रिकेच्या किनाऱ्याने पश्चिमेला परतायचे. आजचे सूचीकारही बहुधा याच वाटेने जातात. स्वित्झर्लंडमधील विंटरथुरच्या इमहूफ-ब्लूमर यांनी तर दूरदूरच्या संग्रहांतल्या नाण्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती जमवल्या आणि आपला प्रचंड ग्रीक संग्रह १९०० मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाकडे सोपवला. छायाचित्रण महाग असताना प्लास्टर हेच अभ्यासकांचे चलन होते. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेल्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिमी क्षत्रपांची नाणी जमवली आणि मृत्युपत्राने ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्यांचा लेख त्यांच्या निधनानंतर, १८९० मध्ये, रॅप्सन यांनी संपादून प्रसिद्ध केला. क्षत्रपांची वंशावळ आज पाठ्यपुस्तकात सरळ छापलेली दिसते, तिच्या मुळाशी हे दान आहे.

आता नाणी जमिनीत जिथे सापडतात त्या जागेबद्दल. २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोम गावाजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका गृहस्थाला मडक्याचे तोंड लागले. त्याने पुढे खणले नाही. माती परत लोटली आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी ५२,५०३ नाणी थराथराने बाहेर काढली. सर्वांत उशिराची, कराउसियस या राजाची नाणी बहुतेक वरच्या थरांत नसून बरीच खाली होती, म्हणजे मडके वर्षानुवर्षे थोडेथोडे भरलेले नव्हते, एका खेपेत ओतलेले होते. बचतीचा गल्ला की देवाला वाहिलेले धन, हा प्रश्न त्यामुळे विचारता आला. त्या माणसाने नाणी पिशवीत भरून घरी नेली असती तर तीच ५२,५०३ नाणी हाती आली असती, पण हा प्रश्न उभाच राहिला नसता.

सापडल्या जागेची माहिती पुसून नाणे बाजारात आणणाऱ्यांबद्दल म्हणूनच मी कठोर आहे. सीझरच्या वधानंतर ब्रूटसने पाडलेले, दोन खंजीर आणि मुक्त गुलामाची टोपी असलेले एक सोन्याचे नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना गेले. त्याच्या मालकीचा इतिहास खोटा असल्याचे उघड झाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. आपल्याकडेही कायदा स्पष्ट आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नाणे घेताना पावती आणि आधीच्या मालकांची नोंद मागणे, आणि ती नसेल तर कितीही सुंदर नाणे सोडून देणे, ही सवय पहिल्या खरेदीपासूनच लागली पाहिजे.

बनावट नाण्यांच्या भीतीने पुष्कळ जण दारातूनच परततात. भीती खरी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कार्ल बेकरने कोरलेल्या ठशांनी मोठमोठे जाणकार फसले. पण इथेही उपाय तोच आहे, तुलना. दोन अस्सल नाणी एका ठशाची असू शकतात. मात्र त्यांच्या कडांचा आकार, ठसा सरकलेली बाजू आणि ओरखडे सारखे असू शकत नाहीत, कारण प्रत्येक चकती वेगळी आणि प्रत्येक घाव वेगळा. हेही सारखे दिसले की दोन्ही साच्यात ओतलेली आहेत किंवा एक दुसऱ्यावरून ओतलेले आहे. ज्या संग्राहकांनी आपली नाणी छायाचित्रांसह जाहीर केली, त्यांच्यामुळे अशा कितीतरी जोड्या पकडल्या गेल्या.

सुरुवात महाग असावी लागत नाही. कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची तांब्याची छोटी नाणी अमाप पाडली गेली आणि आजही साध्या किमतीला मिळतात. त्यांच्या तळाशी ट्रियर, सिस्किया, अँटिऑक, अलेक्झांड्रिया अशा टांकसाळींच्या खुणा असतात. वाचायला शिकण्यासाठी यांच्याइतके चांगले क्रमिक पुस्तक नाही. मात्र ती घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी नाणे चकचकीत होते आणि त्यावरचा शतकांचा थर, कधी कधी अक्षरांसकट, निघून जातो. नाणे कडेने धरावे, कोरड्या जागी ठेवावे, आणि त्यावर भुकटीसारखा फिकट हिरवा डाग फुटताना दिसला तर जाणकाराला दाखवावे.

आणि आपल्या घरांतल्या नाण्यांविषयी एक विनंती. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणाऱ्या डबीत, आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यात जुनी नाणी असतात. त्यांत एखादे क्षत्रपांचे, क्वचित एखादे रोमन निघू शकते. ते विकायचे की ठेवायचे हा तुमचा प्रश्न आहे, पण आधी दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढा, सराफाच्या काट्यावर वजन घ्या, घरात ते कुठून आले हे जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवा. नंतर ती नोंद नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. नाणे तुमच्याकडेच राहू द्या. त्याची माहिती मात्र आम्हा सगळ्यांना द्या.