पार्किन्सन्सची औषधे : लाभ, दुष्परिणाम आणि दक्षता

पार्किन्सन्स अर्थात कंपवात हा विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मेंदूतील डोपामिन हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्यामुळे हातांना कंप सुटणे, स्नायू ताठरणे, हालचाली मंदावणे, तोल जाणे ही लक्षणे उद्भवतात. औषधे डोपामिनची उणीव भरून काढतात किंवा शिल्लक डोपामिन टिकवून धरतात. मात्र हे रसायन हालचालींबरोबरच इच्छा, सुखाची जाणीव आणि जागृती यांच्याशीही निगडित आहे. त्यामुळे या औषधांचे दुष्परिणाम कधी शरीरावर, तर कधी वागणुकीवर उमटतात.

लेवोडोपा

१९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी या औषधाच्या वाढत्या मात्रेचा प्रभाव दाखवून दिला. तेव्हापासून ते या उपचारांचा कणा ठरले आहे. मेंदूत पोहोचण्यापूर्वीच त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होऊ नये, म्हणून त्याच्या जोडीला कार्बिडोपा दिले जाते. मळमळ, उठून उभे राहताना रक्तदाब घसरून येणारी भोवळ, पेंग आणि काहींमध्ये भास हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम होत. प्रथिनयुक्त जेवण आणि लोहाच्या गोळ्या यांमुळे त्याचे शोषण कमी होते. त्यामुळे गोळी व जेवण यांत अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. खाजकुइलीच्या बियांमध्येही नैसर्गिक लेवोडोपा असते. तिचे चूर्ण स्वतःहून घेतल्यास एकूण मात्रा नकळत वाढू शकते.

काही वर्षांनंतर गोळीचा परिणाम पुढची वेळ येण्याआधीच ओसरू लागतो. दुसरीकडे, औषधाचा अंमल असताना अंगाच्या अनैच्छिक, वळवळत्या हालचाली सुरू होतात. त्यांना डिस्किनेसिया म्हणतात.

हैदराबादशी निगडित चाचणी

याच अडचणीवर सॅफिनामाइड या पूरक औषधाची चाचणी भारत, इटली आणि रोमानिया येथे झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांचे प्रथम लेखक हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील न्यूरोलॉजिस्ट डॉ. रूपम बोरगोहेन होते. लेवोडोपा घेणाऱ्या ६६९ रुग्णांवर २४ आठवडे ही चाचणी चालली. त्रासदायक डिस्किनेसियाविना हालचाली सुरळीत राहण्याचा दैनंदिन कालावधी, निव्वळ प्लासिबो घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे अर्ध्या तासाने वाढला. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात हा लाभ टिकला. मात्र सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता डिस्किनेसियात लक्षणीय घट आढळली नाही. युरोपीय संघात २०१५ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली.

सॅफिनामाइड, रासाजिलिन आणि सेलेजिलिन ही एकाच गटातील औषधे होत. नैराश्यावरील काही गोळ्या, ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनयुक्त खोकल्याचे औषध यांच्याशी त्यांचा घातक संयोग होऊ शकतो.

वागणुकीतील बदल

प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल ही औषधे डोपामिनसारखे कार्य करतात. पायांना सूज, भास आणि वाहन चालवतानाही अकस्मात झोप लागणे हे त्यांचे धोके आहेत. जुगार, अनावर खरेदी, अति खाणे किंवा लैंगिक इच्छेचा अतिरेक असे आवेग हा त्यांचा सर्वांत दुर्लक्षित दुष्परिणाम होय. अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासात या गटातील औषधे घेणाऱ्या १७.१ टक्के रुग्णांमध्ये असे विकार आढळले. ती न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६.९ टक्के होते. मटका आणि मांडवीतील कॅसिनो हाताशी असलेल्या गोव्यात हा धोका विशेष गंभीर ठरतो. आयुष्यभर काटकसरीने राहिलेली व्यक्ती उतारवयात पैसे उधळू लागली, तर तिच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी तिच्या औषधांची यादी तपासावी. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर हे आवेग बहुधा ओसरतात.

अन्य औषधे

एन्टाकॅपोनमुळे लघवीचा रंग नारिंगी होतो. तो निरुपद्रवी असतो. मात्र जुलाबही होऊ शकतात. डिस्किनेसियावर दिल्या जाणाऱ्या अमांटाडिनमुळे पायांना सूज येते, त्वचेवर जाळीदार डाग उमटतात. ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे आणि विस्मरण संभवते. ज्येष्ठांमध्ये ते शक्यतो टाळले जाते.

दक्षता

दुष्परिणाम जाणवले तरी औषध एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास तीव्र ताप, ताठरपणा व भ्रम अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन, तसेच भासांवरील हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनला अटकाव करून आजार बळावतात. म्हणून अन्य कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल होताना गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद सोबत असावा. भास, भोवळ, अवेळी झोप किंवा खर्चातील बदल यांची नोंद घरच्यांनी ठेवावी. रुग्ण अनेकदा संकोचापोटी ते डॉक्टरांना सांगत नाही.