पंखा फिरवणारा दुसरा हात

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून तयार केलेली तिथली धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. १९२८ मध्ये याच महानगराचा पहिला विमानतळ जुहूला आकाराला आला, तोही भरतीच्या पाण्याशेजारच्या सखल जमिनीवरच. मात्र उलव्याला आधी वेळापत्रक आले. जुहूला आधी माणसे जमली. त्याच वर्षी स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब हा तिथल्या उड्डाणांचा आरंभ होता. विमानसेवा, टपालसेवा, तिकीटखिडकी या गोष्टी पुढच्या. क्लब म्हटले की आपल्यासमोर वेताच्या खुर्च्या, चहाचे ट्रे आणि रिकामा वेळ असलेली माणसे येतात, आणि ते सारे उड्डाणाभोवतीची शोभा होते असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे असे आहे, की हे जमणे शोभेचे नव्हते. त्या काळात ते उड्डाणाच्या यंत्रणेचाच एक भाग होते, आणि ते वगळले तर मुंबईच्या हवाई इतिहासाची संगती लागत नाही.

हे पटण्यासाठी त्या काळचे विमान पाहावे लागते. डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ हे दोन आसनी, दुहेरी पंखांचे विमान फेब्रुवारी १९२५ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हौशी क्लबांना मदत देऊन नागरिकांना वैमानिक बनवण्याची योजना आखली. भारतात १९२७ मध्ये एरो क्लब ऑफ इंडिया स्थापन झाल्यावर दिल्ली, कराची, मुंबई आणि कलकत्ता इथे त्याच धर्तीवर क्लब उभे राहिले. हे मॉथ एकट्याने सुरू करणे धोक्याचे होते. वैमानिक मागच्या खोबणीत बसून स्विच सांभाळायचा, आणि पुढे उभा राहिलेला माणूस हाताने पंखा फिरवून इंजिन जागे करायचा. चाकांना अडसर लावायला आणि वेळेवर काढायला कोणीतरी हवे. सुरुवातीच्या मॉथना ब्रेक नव्हते, त्यामुळे वारा जोरात असला की जमिनीवर चालणाऱ्या विमानाच्या पंखाचे टोक धरून सोबत कोणीतरी चालायचे. जागा वाचवायला पंख दुमडून विमान हँगरमध्ये ढकलायचे, तेही एकट्याचे काम नव्हे. म्हणजे एक माणूस वर जाण्यासाठी दोघे-तिघे खाली लागत, आणि ते आपली पाळी येईपर्यंत थांबलेले असत. क्लबातली मैत्री स्वभावाच्या जुळणीतून आली असेल, पण तिला मुळात जागा दिली ती या यंत्राने.

थांबण्यालाही महत्त्व होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचे. पुढे टाटांची टपालसेवा सुरू झाल्यावर त्या महिन्यांत तिला पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका लहानशा मैदानावर मुक्काम हलवावा लागे. वर्षाचा तिसरा हिस्सा जे मैदान वापरता येत नाही, त्याच्या भोवतीचा क्लब केवळ उड्डाणावर टिकणार नाही. तो टिकतो माणसांच्या भेटीगाठींवर. आणि हवामानखात्याचे नकाशे वैमानिकाच्या हाती सहज येत नव्हते तेव्हा समुद्रावरून येणारा वारा दुपारी कसा फिरतो, घाटावर ढग कुठे अडतात, उतरताना मैदानाचा कोणता कोपरा टाळावा, हे सारे ज्ञान बोलण्यातूनच एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. पुस्तकातले उड्डाण सगळीकडे सारखे असते. जुहूचे उड्डाण जुहूला बसूनच कळत होते.

याचा सर्वात बोलका पुरावा टाटांच्या विमानसेवेचाच आहे. जे. आर. डी. टाटा जुहूला या क्लबात शिकले. शिक्षकाबरोबर जेमतेम साडेतीन तास उडून ते एकटे वर गेले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक भारतभर फिरून लोकांना पैसे घेऊन हवाई फेरफटका घडवत होता. टपालसेवेची कल्पना त्याने टाटांकडे आणली. एक हौशी वैमानिक आणि एक हौसेच्या फेऱ्या विकणारा वैमानिक, या दोघांच्या ओळखीतून १५ ऑक्टोबर १९३२ चे उड्डाण घडले. जे. आर. डी. पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले आणि पुढचा बेल्लारी-मद्रास टप्पा व्हिन्सेंटने पूर्ण केला. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते. पुढच्या पूर्ण वर्षात या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण करून १५५ प्रवासी आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले. देशाच्या नागरी विमानसेवेची ही पहिली पाने हौसेच्या वहीत लिहिली गेली आहेत.

१९३० ची आगा खान स्पर्धाही इथे आठवावी. इंग्लंड ते भारत, किंवा उलट, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होता. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघे भेटले तेव्हा अस्पी स्पार्क प्लगांसाठी अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपले जादा प्लग त्याला दिले, आणि स्पर्धा अस्पीने जिंकली. ही गोष्ट नेहमी जे. आर. डीं.च्या उमदेपणाची म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात क्लबची रीतही दिसते: धावपट्टीवर अडलेल्या माणसाला हात देणे. अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो खराही आहे. हे श्रीमंतांचे आणि साहेबांचे खेळणे होते. गिरणगावातला तरुण मॉथच्या खोबणीत बसू शकत नव्हता. क्लबांना सरकारी मदत मिळे, म्हणजे सर्वसामान्यांच्या करातून थोड्यांची हौस भागत होती. हे मी नाकारत नाही. पण अस्पी हा रेल्वेतल्या अभियंत्याचा मुलगा, संस्थानिकाचा नव्हे. मदतीमुळे दार अरुंद का होईना, उघडले होते. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: जे. आर. डीं.ना उड्डाणाची ओढ लहानपणी फ्रान्समध्ये लागली, तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी विमाने पाहिली होती; मग क्लबला श्रेय का? ओढ फ्रान्सची, हे मान्य. पण ओढ असून तरुणपणी कितीतरी वर्षे ते शिकू शकले नाहीत. जुहूला क्लब उघडला आणि काही महिन्यांत ते वैमानिक झाले. १९८२ मध्ये, पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. सांताक्रूझचा मोठा विमानतळ जवळ असताना ते उतरले जुहूला.

स्वातंत्र्यानंतर क्लबांचा अर्थ हळूहळू बदलला. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले आणि ते मुख्यतः फ्लाइंग क्लबांसाठीच बनले. पुढे मात्र हौशी सभासद मागे सरला आणि नोकरीसाठी तास मोजणारा विद्यार्थी पुढे आला. खासगी वैमानिकाच्या परवान्याला ४० तास लागतात, व्यावसायिक परवान्याला २००. ज्याला २०० तास लवकर आणि स्वस्तात पुरे करायचे आहेत, त्याच्याकडे थांबून गप्पा मारायला वेळ नसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मुंबईवरचे आकाशही प्रवासी विमानांनी भरले. जुहूची सुमारे ११४० मीटरची धावपट्टी हेलिकॉप्टरांच्या कामी लागली, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण ३०० हून अधिक किलोमीटरवरच्या धुळ्याला गेले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे मुंबईकर आणि विमान यांच्यातले नाते फक्त तिकिटाचे उरले.

मग नवी मुंबईत क्लबसाठी जागा मागावी का? याला सर्वात वजनदार आक्षेप तिथल्या मातीतूनच येतो. पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमीन दिली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते लढले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या जमिनीवर कोणाच्या हौसेचा हक्क सांगणे मला मान्य नाही. तसे करण्याची गरजही नाही, कारण क्लबला लागते ते मैदान आणि एकमेकांची गरज असलेली माणसे, सिमेंटची लांब पट्टी नव्हे. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडर वर्षानुवर्षे विंचच्या दोराने आकाशात चढवले गेले. तिथेही दोर अडकवणारा, पंख सरळ धरणारा आणि खूण करणारा असे तिघे जमिनीवर लागत. आणि मावळात कामशेतला द्रुतगती मार्गाने तासा-दीड तासात नवी मुंबईहून येता येते. तिथल्या शेलारच्या उतारावर ऑक्टोबर ते मे या हंगामात पॅराग्लायडिंग करणारे गवतावर बसलेले असतात. कोणी दुसऱ्याच्या पट्ट्यांची बक्कले तपासतो, कोणी छताच्या दोऱ्या सोडवून देतो, कोणी आज खाली उतरणाऱ्यांना गाडीने परत आणायची पाळी घेतलेली असते. वारा चुकीच्या बाजूने असेल तर सगळेच बसून राहतात, आणि जो त्या डोंगरावर जास्त वर्षे आला आहे तो नव्याला सांगत असतो, की समोरच्या तळ्यावरचे पाणी कसे दिसू लागले की उठायचे.