यंत्र जागे होताना



घरचा संगणक सुरू होईनासा झाला की मुलांचा अभ्यास, घरचा हिशेब आणि अनेक वर्षांची छायाचित्रे एकदम कुलुपात पडतात. कळ दाबावी, पंखा फिरावा, क्षणात सारे शांत व्हावे, आणि पुन्हा तोच प्रकार! मग यंत्र दुरुस्तीला जाते. तेथे पुष्कळदा हार्डडिस्क पुसून सारे नव्याने भरण्याचा उपाय सुचविला जातो. यंत्र चालू होते खरे. पण छायाचित्रे गेलेली असतात. हे नुकसान बहुधा टाळता येण्याजोगे असते. ते कसे, हे या यंत्राचा इतिहास सांगतो.

सुरू होण्याची घटका हीच यंत्राची खरी कसोटी, हा अनुभव फार जुना आहे. १९४६ साली जगापुढे आलेल्या अमेरिकेतील 'एनिॲक' या गणकयंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. ते तापताना आणि निवताना अधिक जळत; म्हणून यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले यंत्र १९६० साली पूर्ण झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यातही सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते.

दुसरी अडचण अधिक मौजेची. संगणकाला आज्ञा वाचावयाच्या, तर त्या कशा वाचाव्यात याचीही आज्ञा आधी हवी! स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्यासारखे हे काम. त्यावरूनच 'बूट होणे' हा शब्दप्रयोग आला. प्रारंभी अनेक यंत्रांत चालक पहिल्या आज्ञा बटनांनी हाताने भरीत. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पीसीत त्या एका चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या होत्या. ते यंत्र प्रथम स्वतःची तपासणी करी आणि सर्व ठीक असल्यास एक आखूड शीळ देई.

आजचा संगणकही असाच पायरीपायरीने जागा होतो, आणि म्हणून तो कोणत्या पायरीवर अडला हे पाहणे हीच अर्धी दुरुस्ती होय. दिवा नाही, पंखा नाही, तर दोष विजेच्या वाटेवर: भिंतीवरील प्लग, वायर, पॉवर सप्लाय. पंखा फिरून लगेच थांबत असेल, तर पुरवठा स्थिर होत नसावा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी निकृष्ट कपॅसिटर फुगून असंख्य मदरबोर्ड याच रीतीने निकामी झाले. पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो आणि शिट्या वाजतात, तर रॅमकडे पाहावे. कोपरीसारख्या खाडीकाठच्या वस्तीत पावसाळी दमट हवेने रॅमच्या पट्ट्यांवर थर चढू शकतो. वायर काढून ती पट्टी पुसून नीट बसविली, तर एवढ्यानेही काम भागते. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तीत घातक विद्युत्‌भार उरतो. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. कंपनीचे चिन्ह उमटून पुढे यंत्र अडखळत असेल, तर दोष हार्डडिस्कमध्ये किंवा तिच्यातील प्रणालीत शोधावा.

या शेवटच्या दोन दोषांतील भेद फार महत्त्वाचा. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' विषाणूने जगभरातील संगणकांच्या हार्डडिस्कचा आरंभीचा भाग खोडला आणि काहींच्या चिपमधील पहिल्या आज्ञाही पुसल्या. येथे घाव खरोखर खोल होता. उलट १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक'च्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि त्यांतील कित्येक पुनःपुन्हा सुरू होऊन बंद पडू लागले. विमानतळ खोळंबले, आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. तरीही इलाज एवढाच की, यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करावे आणि ती एक फाइल काढून टाकावी. कोणाचीही हार्डडिस्क पुसण्याचे कारण नव्हते.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. आणि कोणी 'पुसून टाकू' म्हणाले, तर आधी हार्डडिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून आतील मजकुराची प्रत काढण्यास सांगावे. यंत्राचे भाग बाजारात मिळतात. घरच्या आठवणी मिळत नाहीत.