घोट्याशी काठ

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत आरसा एकच होता. तो आजीने कधी वापरलेला मला आठवत नाही. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ती उठायची, भिंतीकडे तोंड करून नऊवारी लुगडं नेसायची, कासोटा खोचायची, पदर खांद्यावर घ्यायची आणि मग मान वळवून आधी डाव्या, मग उजव्या पायाकडे पाहायची. लुगड्याचा काठ घोट्याला टेकलाय ना, एवढंच तिला पाहायचं असे. टेकला नसेल तर नेसलेलं सगळं सोडून पुन्हा नेसायची. आई म्हणायची, “अहो आई, पाणी जाईल ना.” आजी म्हणायची, “जाऊ दे.”

पाण्यासाठी चाळीत भांडणं होत. अशा चाळीत काठासाठी पाणी सोडणारी बाई मला लहानपणी विचित्रच वाटे. त्यामागची गोष्ट तिने मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. तांदूळ निवडताना एक तुकडा, गोधडीला टाके घालताना दुसरा, अशी ती मला आठ-दहा वर्षांत कळली.

आमचं गाव महाडच्या बाजूचं, सावित्री नदीच्या काठचं. आजी तिथल्या महारवाड्यात सून म्हणून आली तेव्हा तिला स्वयंपाकाच्या आधी लुगडं कसं नेसायचं ते शिकवलं गेलं. माहेरीही तसंच नेसत, पण सासूने पुन्हा बजावलं. लुगडं गुडघ्याच्या खाली उतरू द्यायचं नाही आणि काठ निऱ्यांच्या आत दुमडून टाकायचा, वरून दिसता कामा नये. काठ ही लुगड्याची शोभा, बाजारात त्याचेच पैसे जास्त पडतात. आमच्या बायकांनी ते पैसे मोजायचे आणि घरी येऊन तो काठ लपवायचा. काठ दिसलाच तर खोताच्या घरची बाई विचारायची, “कुणाचं लुगडं गो ह्ये? आमच्यासारखं नेसाया लागलीस?”

हे आमच्याच गावचं वेड असेल, असं मला बरीच वर्षं वाटे. पुढे बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हाती आलं. त्या फलटणच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या. त्यांच्याकडेही महार बाईने काठ निऱ्यांत लपवायचा, हाच दंडक होता. एवढ्या अंतरावरच्या दोन मुलखांत तोच नियम असेल, तर तो कुणा एका खोतिणीच्या लहरीतून आलेला नसतो.

खोताच्या घरातल्या सुनेची पोटरी दिसली असती तर तिला घरात बोल बसला असता, बाईच्या जातीला मर्यादा नको का म्हणून. माझ्या आजीने पोटरी झाकली तर तो माज ठरे. एकाच गावात, एकाच पाणवठ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, एकीने पाय झाकला नाही तर बेशरम आणि दुसरीने झाकला तर उद्धट. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मर्यादा या शब्दाचा अर्थ मुलींना समजावून सांगायची वेळ आली की दर वेळी मला हा पाणवठाच आठवे.

दागिन्यांचंही तसंच होतं. सोनं अंगावर घालायची सोय नव्हती, ऐपत तर नव्हतीच. मग गळ्यात गळसऱ्यांचा ढीग आणि हातात कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या. हे ओझं घालून बाई शेतात उतरे, लाकडं फोडी. लांबून चालत येणारी बाई कोण आहे हे त्या हातांवरून शंभर पावलांवर कळत असे. आजी म्हणायची, “तोंड कोन बघतो? हात बघूनच लोकं बाजूला व्हायची.”

1927 च्या मार्चमध्ये आजोबा महाडला गेले. 20 तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले आणि त्यानंतर मंडपावर जो हल्ला झाला त्यात डोकं फोडून घरी आले. आजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. डोक्याला हळद लावताना तिने त्यांना सांगून टाकलं, पुढच्या वेळी मीपण येणार.

पुढची वेळ डिसेंबरात आली. सत्याग्रह परिषदेला जागा द्यायला महाडात कोणी हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. आजीने ते लांबून पाहिलं. कोणतं पुस्तक जळतंय हे तिला तेव्हा कळलं नव्हतं, “बाबा जालतायत म्हंजी वाईटच असंल” एवढं कळलं होतं. तळ्याचं प्रकरण सनातन्यांनी कोर्टात नेलं होतं आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. म्हणून सत्याग्रह पुढे ढकलायचं ठरलं आणि 27 तारखेला तळ्याभोवती नुसती मिरवणूक निघाली. आजी मिरवणुकीत चालली. पाणी हाताच्या अंतरावर होतं. ते तिने प्यायलं नाही.

मिरवणुकीनंतर बाबासाहेब बायकांशी बोलले. आजीला त्यातलं जे आठवत होतं आणि पुढे कॉलेजात मी छापील भाषणांत जे वाचलं, ते मुद्द्याला मुद्दा जुळलं. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, त्याला काही जास्त पैसे पडत नाहीत. गळ्यात ढीगभर गळसऱ्या कशाला, एक पुरे. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ हवं. मुलींना शाळेत घाला.

आणि मग जे झालं ते सांगताना आजी हातातलं काम थांबवायची. परिषदेच्या कामात चित्रे, टिपणीस यांच्यासारखी कायस्थ मंडळी होती. त्यांच्या घरच्या स्त्रिया पुढे आल्या आणि आमच्या बायकांना लुगडं नेसवू लागल्या. आजीसमोर जी उभी राहिली ती कोण, हे आजीला कधीच कळलं नाही. तिने आजीचा कासोटा सोडवला, निऱ्या पुन्हा घातल्या आणि खोचायला आजीच्या कमरेला हात लावला. आजी आक्रसून मागे सरली. तिला वाटलं, बाईच्या लक्षात नाही, चूक होतेय. ती बाई पुढे सरकली आणि निऱ्या पक्क्या खोचून वाकली. आजीच्या पायाशी बसून तिने काठ घोट्यापर्यंत ओढून सारखा केला.

“माज्या पायाशी,” आजी म्हणायची. त्यापुढे तिला शब्द सापडत नसत.

परतताना सगळ्या बायका नव्या तऱ्हेनं नेसून गावाकडे निघाल्या. काहींनी पाटल्या वाटेतच उतरवून ओटीत बांधल्या. आजीचं वाक्य मला पाठ आहे: “पानी प्यायला गेल्तो, पानी न पिता आलो. पन लुगडं बदलून आलो.” तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात निकालात निघायला मार्च 1937 उजाडला. लुगड्याला मनाई हुकूम कोणी आणू शकलं नाही.

पण गाव गप्प बसलं नाही. आठवडाभरात आजीला सारवणाच्या कामाला बोलावणं बंद झालं. वाटेवर पोरं शिट्ट्या घालत, मागून शेण टाकत. सासू रडून म्हणाली, वर घे गं, आपल्याला याच गावात राहायचंय. आजीने वर घेतलं नाही. पाऊस लागल्यावर लावणीला मात्र ती कासोटा मांड्यांपर्यंत खोचून चिखलात उतरली. भात लावताना लुगडं वर घ्यावंच लागतं. बांधावरून खोताच्या माणसाने हसून विचारलं, आता कसं वर गेलं? आजी म्हणाली, “चिखल हाय म्हनून.” संध्याकाळी बांधावर आल्यावर तिने पाय धुतले, निऱ्या सोडल्या आणि काठ घोट्याला लावूनच घराची वाट धरली. बायकांच्या पेहरावावर मी आजवर पुष्कळ चर्चा ऐकल्या. चिखलात वर आणि वाटेला खाली, याहून शहाणपणाचं काही मला त्यांत ऐकायला मिळालं नाही.

मी शिक्षिका झाले तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी एक ब्राह्मण बाई बसत. डबा खाताना एकदा मी त्यांना आजीची ही गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांच्या आजोळच्या एका आत्याआजीचं सांगितलं. ती बारा-तेराव्या वर्षी विधवा झाली. तिचे केस उतरवले, लाल आलवण नेसवलं, डोक्यावरून पदर दिला आणि माजघराच्या पलीकडच्या खोलीत ठेवलं. दर पंधरा दिवसांनी न्हावी येई. आमच्या या बाई लहानपणी त्या खोलीत लपाछपी खेळत, तेव्हा आत्याआजी पदराखालून आपलं डोकं चाचपत बसलेली दिसे.

केशवपनाविरुद्ध 1890 च्या सुमाराला मुंबईत न्हाव्यांनीच सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असं जाहीर केलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे सत्यशोधक त्यामागे होते. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानेच तो खाली ठेवला. धोंडो केशव कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’त आपल्या सोवळेपणाबद्दल लिहिलंय. अनाथ बालिकाश्रमासाठी त्या केस काढलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि मग एक दिवस केस वाढवायचं त्यांनी स्वतः ठरवलं. पुढे त्या वर्गणीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. लेक्चर देणाऱ्या, पैसा उभा करणाऱ्या बाईला आपल्याच डोक्यावर केस ठेवायला एवढी वर्षं लागावीत, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यातलं जेवलो. आत्याआजीचं आणि माझ्या आजीचं दुःख सारखं होतं असं मी म्हणणार नाही. आत्याआजीच्या अंगावर वाटेत शेण पडलं नसतं. पण दोघींच्या शरीरावर खूण करणारा हात एकाच घरातला होता, एवढं आम्हाला दोघींना कळलं.

पुढे आजी-आजोबा मुंबईला आले. 1956 च्या ऑक्टोबरात आजोबांनी गिरणीतून रजा काढली आणि दोघं नागपूरला दीक्षेला गेली. पांढरे कपडे घालायचे होते. आजीने पांढरं लुगडं आणलं तेव्हा शेजारीण घाबरली, नवरा जिता असताना पांढरं? आमच्याकडे पांढरं विधवेचं. आजीने ते नेसून खोलीच्या दारात उभं राहून दाखवलं. नागपूरच्या त्या मैदानावर लाखो माणसं होती आणि त्यांतल्या हजारो सवाष्णी पांढऱ्यात होत्या. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, कुंकू काढलंस का? आजीने काढलं नव्हतं. “त्ये मला आवडतं,” ती म्हणाली. वस्तीत यावरून वाद झाले, काहींनी कुंकू सोडलं, काहींनी ठेवलं. आजीचं शेवटपर्यंत राहिलं, आजोबा गेल्यावरही.

आणि याच आजीने माझं एक ऐकलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शिष्यवृत्तीच्या पैशातून गुडघ्याखाली चार बोटं येणारी मिडी शिवून घेतली. आजी पाहून काही बोलली नाही. सकाळी मिडी घालायला घेतली तर तिने रात्रीतून खालची पट्टी उसवून ती लांब केली होती, बारीक टाक्यांनी, नीट. मी रडले, भांडले, “तुला सांगणारा खोत आणि मला सांगणारी तू, फरक काय?” असं तोंडावर म्हणाले. तिचा चेहरा पडला. ती त्या दिवशी जेवली नाही, मी कॉलेजला गेले नाही. आजही मला वाटतं, त्या रात्री आजी चुकली. आणि माझं ते वाक्यही चुकलं. खोताला तिची पोटरी उघडी हवी होती, तिला माझी झाकायची होती, कारण झाकायचा हक्क तिने अंगावर शेण झेलून मिळवला होता. तो मी सहज टाकून देतेय, असं तिला वाटलं असणार. हे कळायला मला तिच्यानंतरची कित्येक वर्षं लागली. तिच्यापाशी ते बोलून दाखवायचं राहून गेलं.

नोकरीत सुरुवातीची बारा वर्षं मी साडीच नेसले, कारण आमच्या शाळेत पंजाबी ड्रेस चालत नसे. 2024 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने शिक्षकांच्या पेहरावाचा नियम काढला. बाईंनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा, जीन्स-टीशर्ट नको. मी तोवर निवृत्त झाले होते. एका तरुण शिक्षिकेने फोन करून विचारलं, मॅडम, तुमचं मत काय? मी म्हटलं, मला साडी आवडते, मी आयुष्यभर नेसेन, आणि तुला नेसायला लावणारा कागद मला मान्य नाही. शाळेत नीटनेटकं यावं हे शिक्षकाला सांगावं लागत असेल तर दोष त्याच्या कपड्यांत नाही, त्याच्या निवडीत आहे.

आजी 1986 च्या पावसाळ्यात गेली. तिच्या ट्रंकेत नागपूरचं ते पांढरं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं, त्याला बोटभर निळा काठ. चाळीतल्या बायकांनी तिला ते नेसवलं. तिला उचलायच्या आधी आईने सगळ्यांना थांबवलं, खाली वाकली आणि आधी डाव्या, मग उजव्या पायाचा काठ घोट्याशी सारखा केला.