बकी ओनील : शेवटचा डाव

आज जाऊया अमेरिकेच्या ॲरिझोनात. तेव्हा ते राज्य नव्हतं, नुसता सरहद्दीवरचा प्रदेश होता.

विल्यम ओनीलला सगळे ‘बकी’ म्हणायचे. फारो नावाच्या पत्त्यांच्या जुगारात तो बेधडक पैसे लावायचा, त्यावरून पडलेलं हे नाव. हाच जुगारी पुढे यावापाई काउंटीचा शेरीफ झाला! १८८९ मध्ये कॅन्यन डियाब्लोला चौघांनी रेल्वे लुटली. बकी घोड्यावरून थेट युटापर्यंत मागे गेला आणि चौघांनाही पकडलं.

१८९८. स्पेनशी युद्ध पेटलं. बकी तेव्हा प्रेस्कॉटचा महापौर. खुर्ची सोडून तो ‘रफ रायडर्स’मध्ये कॅप्टन झाला. १ जुलै, क्युबा. गोळ्या सुटतायत, जवान जमिनीला चिकटलेत, आणि हा त्यांच्यासमोर सिगारेट ओढत येरझाऱ्या घालतोय! खाली व्हा, म्हणून विनवलं तरी ऐकेना. अधिकाऱ्याने लपायचं नसतं, हे त्याचं मत. एक गोळी तोंडात लागली. तो जागीच गेला. वय ३८.

प्रेस्कॉटमध्ये आज घोडेस्वाराचा पुतळा आहे, त्याच्याच आठवणीत. मलाही हा माणूस आवडतो. पण एक प्रश्न सुटत नाही. थोड्याच वेळात समोरची टेकडी चढायची होती, आणि त्याच्या जवानांना ती कॅप्टनशिवाय चढावी लागली. याला धाडस म्हणायचं, की शेवटचा जुगार? तुम्हीच सांगा.