तेलाचा भाव कोण ठरवतो?

सांगलीच्या पेठेत हळदीचा जो भाव निघतो, तो दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्यालाही बांधून घेतो. सौदा त्याच्या खळ्यावर होत असला, तरी "सांगलीला आज काय निघाली?" हे विचारल्यावाचून व्यापारी बोलत नाही. म्हणजे थोड्या पोत्यांच्या लिलावावर पुष्कळ पोत्यांची किंमत ठरते. अशा भावाला आपण प्रमाणभाव म्हणू. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचेही असे प्रमाणभाव आहेत. ते कोणी, कोठे व कसे ठरवले याचा इतिहास एस.टी.च्या तिकिटापर्यंत येऊन पोचतो.

1928 साली स्कॉटलंडमधील अ‍ॅक्नाकॅरी येथे बड्या तेल कंपन्यांच्या प्रमुखांनी जगाच्या बाजारपेठा वाटून घेतल्या. त्या व्यवस्थेत तेल कोठूनही निघो, त्याची किंमत एकाच रीतीने धरली जाई : मेक्सिकोच्या आखातातील अमेरिकन बंदरांचा भाव, अधिक तेथून गिऱ्हाइकाच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे. इराणच्या आबादानहून निघालेल्या तेलावरही अमेरिकेपासूनचे भाडे चढे. हळद हरिपूरच्या पेवातून काढावी आणि गाडीभाडे नागपूरपासूनचे लावावे, तसाच हा हिशेब! दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटिश सरकारला हे न झालेल्या प्रवासाचे भाडे मोजावे लागले, तेव्हा आक्षेप निघाला आणि इराणचे आखातही मूळ ठिकाण मानले जाऊ लागले.

स्वतंत्र भारतात 1954 व 1955 साली मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. माल आपल्या दारात तयार होऊ लागला, पण त्याची किंमत मात्र तो परदेशातून आणला आहे असे समजूनच धरली जाई. त्याचा पाया होता कंपन्यांनीच जाहीर केलेला भाव. 1960 साली रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला, पण स्वतःच्या तेलावर त्यांना सूट द्यावी लागली. जाहीर भाव आणि खरा भाव वेगळे, हे त्यामुळे उघड झाले. 1961 साली के. आर. दामले यांच्या समितीने ही सूट हिशेबात धरण्याची शिफारस केली.

दरम्यान सप्टेंबर 1960 मध्ये बगदादला तेल उत्पादक देशांनी 'ओपेक' स्थापली. 1973 च्या ऑक्टोबरात भाव लिहिण्याची लेखणी त्यांनी कंपन्यांच्या हातून घेतली आणि 1 जानेवारी 1974 पासून पिंपामागे 11.65 डॉलर हा जाहीर भाव ठरला. लेखणीचा धनी बदलला. गिऱ्हाईक मात्र होते तेथेच राहिले.

1980 नंतरच्या दशकात ही लेखणीही बोथट झाली आणि उत्तर समुद्रातील 'ब्रेंट' तेलाचा बाजारभाव पुढे आला. मूळ ब्रेंट क्षेत्राचे उत्पादन 2021 साली थांबले, तरी नाव चालूच आहे. 2023 पासून त्या नावाखाली अमेरिकेतील तेलही मोजले जाते. लंडनच्या घड्याळात साडेचार वाजेपर्यंत झालेल्या मोजक्या व्यवहारांवरून एक खासगी संस्था दिवसाचा भाव सांगते आणि जगातले कितीतरी करार त्यावर चालतात.

वायू पोत्यात भरता येत नाही. त्याला नळ लागतो. म्हणून जेथे अनेक नळ एकत्र येतात, तेथे त्याचा भाव निघतो. अमेरिकेत लुइझियानातील हेन्री हब हे असे ठिकाण. भारताने 2014 साली आपल्या भूमीतील वायूचा भाव अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया येथील भावांवरून काढला. 1928 चीच छाया ती! एप्रिल 2023 पासून जुन्या सरकारी क्षेत्रांतील वायूचा भाव भारताच्या आयात कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के ठरला. त्या वेळी त्याला खाली चार आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा घालण्यात आली.

कामगार चळवळीला ही गोष्ट नवी नाही. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधला, की लढा भत्त्याइतकाच निर्देशांकाचाही होतो. मुंबईच्या निर्देशांकाविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा 1963 साली सरकारला प्रा. लकडावालांची समिती नेमावी लागली.

पूर्वी बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करीत आणि मालाचा धनी नुसता पाहत उभा राही. नियंत्रित बाजार आले आणि लिलाव उघड्यावर झाला. शेतकरी त्यामुळे श्रीमंत झाला नाही, पण भाव कसा निघाला हे विचारण्याचा अधिकार त्याला मिळाला. तेलाच्या बाबतीत तो अधिकार अजून मिळवायचा आहे. आपण आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून घेतो. तेव्हा भाव वाढला असे कोणी सांगेल, त्या वेळी माल कोठला, बंदर कोणते आणि आकडा लिहिला कोणी, एवढे तरी आपण विचारलेच पाहिजे.