गंधाचा मागोवा : डॉ. वेरोनिका रॉड्रिग्ज यांचे संशोधन आणि आपण

मार्च-एप्रिल महिन्यांत पेडणे किंवा डिचोली महालातील कोणत्याही डोंगरवाटेने जावे, काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास वाऱ्यावर येतोच. त्या वासाच्या मागाने गेले की भाटी सापडते आणि भाटीपाशी रचलेल्या बोंडांच्या राशीवर चिलटांचा थवा घोंगावताना दिसतो. चिलटांना हा वास किती दूरवरून कळतो याचे नवल वाटते. पण भाटीवर दिवसभर राबणाऱ्या माणसाला त्याविषयी विचारले, तर तो आपल्याकडेच चमकून पाहतो आणि म्हणतो, "कसलो वास?" चिलटांची ओढ आणि त्या माणसाचे हे उत्तर, या दोन्हींचा उलगडा करण्यात गोमंतकीय घराण्यातील एका विदुषीचा मोठा वाटा आहे. आपल्या इतिहासलेखनात तिचे नाव क्वचितच आढळते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्याच्या भूमीत गंधाचा विचार तसा जुना आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता 1534 साली गोव्यात आला. भारतातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. कापूर, चंदन, हिंग अशा द्रव्यांची चर्चा त्यात आहे. हिंगाच्या वासाचा ऑर्ताला अतिशय तिटकारा होता. मात्र तेच हिंग घालून शिजवलेल्या भाजीचा वास आपल्याला तितकासा वाईट वाटला नाही, अशी प्रांजळ कबुलीही तो देतो. द्रव्य एकच आणि नाकही एकच. मग अनुभव निराळा कसा? या प्रश्नाकडे प्रयोगशाळेतून पाहण्याची साधने मात्र त्यानंतर चार शतकांनी हाती आली.

डॉ. वेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म 1953 साली केनियात, गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी झाला. ब्रिटिश अमदानीत पूर्व आफ्रिकेतील कचेऱ्यांमध्ये गोमंतकीय कारकुनांचा मोठा भरणा होता. आपल्या नव्या काबिजादीतील कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबई-बेळगावची वाट धरीत. बारदेश-सासष्टीतील अनेकांनी समुद्र ओलांडला. रॉड्रिग्ज यांचे शिक्षण कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. आफ्रिकेत वाढलेल्या आणि युरोपात शिकलेल्या या तरुणीला पाश्चात्त्य विद्यापीठांची दारे उघडी होती. तरीही 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. ओबेद सिद्दिकी यांच्या हाताखाली संशोधन करण्याचे ठरवले. सिद्दिकी (1932-2013) यांनी होमी भाभांच्या निमंत्रणावरून या संस्थेत जीवशास्त्राचा विभाग उभारला होता.

संशोधनासाठी निवडलेला प्राणी होता चिलट, म्हणजे शास्त्रज्ञांची फळमाशी. तिला ठेवायला एक बाटली पुरते, तिची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते आणि तिची गुणसूत्रे मोजकी असतात. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची, तिच्या एका फाट्यातून वासाची हवा सोडायची आणि दुसऱ्यातून साधी. मग किती माश्या कोणत्या फाट्यात शिरतात, ते मोजायचे. आनुवंशिक दोषामुळे वास न कळणाऱ्या माश्या या साध्या युक्तीने वेगळ्या काढता आल्या. रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांचा यावरील निबंध 1978 साली प्रसिद्ध झाला. त्यातून एक मर्म हाती लागले. काही माश्यांना एका जातीचा वास कळत नसे, पण दुसऱ्या जातीचा व्यवस्थित कळे. म्हणजे 'वास' ही एकच सरसकट शक्ती नसून निरनिराळ्या गंधांसाठी निरनिराळे मार्ग असले पाहिजेत.

पुढे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे त्यांनी माशीच्या मेंदूत गंधाचा नकाशा शोधला. मेंदूचा जो भाग काम करतो, तो साखर अधिक शोषतो. म्हणून किरणोत्सारी खूण असलेले, साखरेसारखे एक द्रव्य माशीला देऊन वेगवेगळे वास हुंगवले. तेव्हा प्रत्येक वासागणिक मेंदूतील वेगळे पुंजके जागे होताना आढळले. एरिख बुखनर यांच्या सहकार्याने केलेले हे काम 1984 सालचे आहे. उंदराच्या जातीतील प्राण्यांमध्ये गंधग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधली, त्याबद्दल त्यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घटनाक्रमात मुंबईच्या प्रयोगशाळेतील काचेच्या नळीचे स्थान पाहिले, म्हणजे रॉड्रिग्ज यांचे काम किती आधीचे होते ते ध्यानात येते. पुढे त्यांनी टाटा संस्थेतील जीवशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात काम केले. 2010 च्या नोव्हेंबरात कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर, 2011 साली, त्या सहलेखिका असलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता वासाची सवय. माश्यांना काही दिवस एकाच वासात ठेवले की त्या त्याची दखल घेईनाशा होतात. वास काढून घेतला की काही दिवसांनी ती दखल परत येते. नाक थकते म्हणून असे होते, हा समज पुरेसा नाही. मेंदूतील आवर घालणाऱ्या पेशी त्या वासापुरत्या बळकट होतात आणि त्याचा निरोप पुढे जाण्याआधीच दाबून टाकतात, असे या प्रयोगांतून दिसून आले. माशीवरून माणसाचा निष्कर्ष एकदम काढू नये, हे खरे. तरीही भाटीवरच्या त्या माणसाचे उत्तर मला तेव्हापासून निराळेच ऐकू येऊ लागले.

येथे एक जुनी आठवण सांगणे भाग आहे. नोकरीच्या मधल्या वर्षांत एका कचेरीचा कारभार माझ्याकडे होता. तेथील दप्तरखाना तळमजल्यावर होता आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येई. रुमालांत बांधलेल्या जुन्या दप्तरांची बुरशी आणि कपाटांतल्या डांबरगोळ्या यांचा मिळून एक कोंदट वास तेथे भरून राहिलेला असे. नव्याने रुजू झालेला दप्तरी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, खिडकीपुढचे कपाट हलवले तर बरे होईल. आत श्वास कोंडतो." मी सही करता करता म्हणालो, "होईल सवय." आणि सवय झालीही. महिन्याभरात त्याने तक्रार सोडली. मलाही तो वास येईनासा झाला. वासाची जाणीव गेली म्हणून बुरशी गेली नव्हती. पुढे त्याला दमा जडला. त्याचे कारण ती खोलीच होती, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. ओल आणि बुरशी यांमुळे श्वसनाचे विकार बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली मार्गदर्शिका काढून सांगितले, तोवर माझी तेथून बदली होऊन बरीच वर्षे लोटली होती. पण ते कपाट हलवायला दोन माणसे आणि एक तास पुरला असता, हे समजायला कोणत्याही मार्गदर्शिकेची गरज नव्हती.

2020 नंतरच्या महामारीत अनेकांचा वास अचानक गेला, तेव्हा या उपेक्षित इंद्रियाची किंमत घरोघरी कळली. स्वयंपाकघरात दूध करपलेले कळेना, देवघरातला धूप कळेना आणि ताटातल्या जेवणाची गोडी गेली. गंधाचा मार्ग मेंदूतील स्मृतीच्या आणि भावनेच्या केंद्रांशी अगदी निकटचा असतो. सुरंगीच्या वळेसाराने माहेर आठवावे, यामागचे कारण तेच.

आपल्या स्थानिक इतिहासात देवस्थाने, वतने, वाडे आणि ग्रंथालये यांची नोंद आपण आस्थेने ठेवतो. आफ्रिकेत जन्मलेली, इंग्रजीत लिहिणारी, चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या घरांपैकी एका घरातली ही लेक 'आपल्या' नोंदीत बसते का, असे कोणी विचारील. मला वाटते, बसते. भाटीवरच्या चिलटाकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि हाताने वारले. तिने त्याला प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरला.

ज्या वाचकांच्या हाती आज एखादी कचेरी, शाळा वा कारखाना आहे, त्यांना एवढीच विनंती. जुन्या माणसांना हवा कशी आहे ते विचारू नये. त्यांची साक्ष सवयीने पुसलेली असते. आठवड्याभरापूर्वी रुजू झालेल्याला विचारावे, आणि तो सांगेल ते त्याच आठवड्यात करावे.